सापडलं, पण विचारता येत नाही

ताई,

मी २९ वर्षांची आहे. निनाद आणि मी तीन वर्षं एकत्र आहोत, पुढच्या वर्षी लग्न करायचं ठरवतोय. ईशा त्याची जुनी सहकारी, आता जवळची मैत्रीण. सुरुवातीला मला त्यात काहीच वाटायचं नाही. मग एकदा तो 'ऑफिसच्या ग्रुपबरोबर आहे' म्हणाला आणि नंतर कळलं की ग्रुप-बिप काही नव्हता, दोघंच भेटले होते. विचारलं तर म्हणाला, 'तू चिडतेस म्हणून सांगितलं नाही.' तेव्हापासून मी त्याचा फोन बघायला लागले. तो झोपला की फोन घेऊन बाथरूममध्ये जाते आणि दार लावून वाचत बसते. मागच्या आठवड्यात दोन वर्षांपूर्वीचा एक मेसेज सापडला. त्याच्या कामाचं मोठं कौतुक झालं होतं, त्या संध्याकाळी त्याने ईशाला लिहिलं होतं, 'आज तू असायला हवी होतीस.' ताई, त्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारी उभी होते. फोटोत आहे मी!

त्या मेसेजचा मी माझ्या फोनवर फोटो काढून ठेवलाय. सारखा उघडून बघते. त्याला विचारायचं तर फोन वाचल्याचं कबूल करावं लागेल. याआधीच्या नात्यात मी फसवली गेले होते आणि तेही मला फोनवरूनच कळलं होतं. तेव्हा फोन बघितला नसता तर अजूनही त्याच्याबरोबर असते. मग मी आता चुकतेय कुठे? दिवसातून दहा वेळा निनादला विचारते, 'तुझं माझ्यावर प्रेम आहे ना?' तो 'हो गं' म्हणतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. त्याला ईशाशी मैत्री तोडायला सांगू का? आणि पुढच्या महिन्यात ईशाने आम्हा दोघांना घरी बोलावलंय. जाऊ का?

— मुक्ता (नावं बदलली आहेत)

मुक्ता,

तुझं पत्र वाचून कुणी म्हणेल, मुलगा खोटारडा आहे, सोड त्याला. दुसरं कुणी म्हणेल, अगं किती संशय घेशील, साधी मैत्री आहे. दोघांनीही पत्र अर्धंच वाचलेलं असेल. निनाद तुझ्याशी खोटं बोलला, हे खरं आहे. तुझी भीती निनादच्या आधीपासूनची आहे, हेही खरं आहे. घोळ असा झालाय की तू त्याचं खोटं दाखवून तुझ्या भीतीला बरोबर ठरवतेस आणि तो तुझ्या भीतीकडे बोट दाखवून स्वतःचं खोटं झाकतो. तेव्हा आधी ही गाठ सोडवू.

पहिल्यांदा त्याचं. 'तू चिडतेस म्हणून सांगितलं नाही' हे वाक्य मोठं चतुर आहे. ते उच्चारलं की खोटं बोलणारा बिचारा ठरतो आणि जिच्याशी खोटं बोललं ती आरोपी. मैत्रिणीला भेटणं गैर नव्हतं. दोघांनीच भेटणंही गैर नव्हतं. नसलेला ग्रुप उभा करणं गैर होतं, आणि तू कितीही चिडकी असलीस तरी त्याने ते बरोबर ठरत नाही. एवढं निनादने एकदा मान्य करायला हवं, आणि वाक्याच्या शेवटी 'पण' न जोडता.

तरी त्याच्या त्या वाक्यात थोडी माहितीही आहे, ती फेकून देऊ नकोस. तो खरं सांगतो तेव्हा त्याची संध्याकाळ कशी जाते? ईशाचं नाव निघालं की कुठे, किती वेळ, अजून कोण होतं, आधी का नाही सांगितलंस, अशी उलटतपासणी सुरू होते का? तसं असेल तर खरं सांगूनही तो बोलणी खातो आणि लपवूनही खातो. अशा वेळी बहुतेक माणसं लपवतात; निदान ती संध्याकाळ तरी शांत जाते. मग लपवलेलं तू शोधून काढतेस, चौकशी वाढवतेस, तो आणखी थोडं लपवायला लागतो. या सगळ्यात ईशाचा हात फारसा नाहीच. तिच्या जागी दुसरी कुणी असती, किंवा एखादा मित्र, किंवा त्याचं काम, तरी तुम्ही दोघं याच वर्तुळात फिरत राहिला असता.

आता तू विचारलंस, मी चुकतेय कुठे.

'फोन बघितला नसता तर कळलंच नसतं' हा तुझ्या पत्रातला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. मी तो उडवून लावणार नाही. दुधाने तोंड पोळल्यावर कुणी ताक फुंकून प्यायलं तर त्याला वेडं म्हणत नाहीत. पण तू नुसती फुंकतच बसली आहेस, प्यायचं राहूनच गेलंय. तीन वर्षांतलं निनादबरोबरचं काय छान आहे, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. असणार नक्की, नाहीतर तू लग्नापर्यंत आली नसतीस. ते तुझ्या डोळ्यांसमोरून गेलंय.

आणि ही फोनची सवय सुटत का नाही, त्याला कारण आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिलं की दर वेळी नेमाने दाणा मिळणारी सवय दाणा बंद झाल्यावर लवकर सुटते. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर तीच सवय कमालीची चिवट होते. जुगाराची यंत्रं माणसांना खिळवून ठेवतात ती याच जोरावर. आधीच्या नात्यात फोनने तुला एकदा खरं सांगितलं. निनादच्या फोनात रात्रीमागून रात्री काही सापडत नाही आणि मग एका रात्री काहीतरी सापडतं. त्या एका रात्रीच्या जिवावर पुढचे कित्येक महिने निघतील. बरं, ज्या रात्री काहीच सापडत नाही त्या रात्री 'हुश्श' होतं, आणि ते हुश्शही बक्षीसच आहे. म्हणजे सापडलं तरी सवय पक्की होते आणि नाही सापडलं तरी होते.

शिवाय फोन चाळून 'काही नाही' हे कधीच सिद्ध होत नाही. मेसेज दिसला नाही तर पुसला असेल. पुसलेला नसेल तर दुसऱ्या कुठल्या ॲपवर बोलत असतील. तिथेही नसेल तर समोरासमोर बोलत असतील. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांच्या फेसबुक वापराचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जे फेसबुकवर जास्त वेळ घालवत, त्यांच्यात जोडीदाराबद्दलचा मत्सर जास्त दिसला. अशा पाहणीतून आधी काय आणि नंतर काय हे ठामपणे सांगता येत नाही. पण त्यांनी मांडलेली शक्यता तुला ओळखीची वाटेल: आगापिछा नसलेला एखादा तुकडा दिसतो, त्याने मन खवळतं, म्हणून माणूस आणखी बघायला जातो, तिथे आणखी तुकडे मिळतात.

तुझ्याकडे आत्ता असाच एक तुकडा आहे. 'आज तू असायला हवी होतीस.' तो लिहिल्यावर लगेच तू लिहिलंस, मी शेजारी उभी होते. लागलंय ते हेच. मी जवळ असताना त्याला आणखी कुणीतरी हवं होतं. हे लागणं खोटं नाही, आणि त्यासाठी तुला कुणाची परवानगी नको. पण त्या वाक्याचा अर्थ? ईशा त्याची जुनी सहकारी. कौतुक झालं त्या कामात तिचाही हात असेल तर हे वाक्य कुठलाही सहकारी कुठल्याही सहकाऱ्याला लिहील. त्याने अजून दोघातिघांनाही तेच लिहिलं असेल. किंवा त्या दिवसांत ती त्याला खरंच आवडत असेल आणि पुढे ते विरून गेलं असेल. यातलं काय, हे त्या पाच शब्दांतून ना तुला कळणार, ना मला. फोटो कितीही वेळा उघडलास तरी सहावा शब्द तिथे उगवणार नाही.

तो फोटो पुसून टाक. आजच, निनादशी बोलायच्या आधी. हातात पुरावा असला की माणूस बोलायला बसत नाही, खटला चालवायला बसतं. तू एक वाक्य बोलशील, तो एक बोलेल, आणि तिसऱ्याला तू फोन पुढे करशील. मग विषय राहील तो फोटो कधी काढलास आणि माझ्या फोनला हात कसा लावलास, एवढाच.

बोलायचं काय, ते सांगते, आणि हा भाग तुला आवडणार नाही. फोन वाचल्याचं तू स्वतःहून सांगायचंस. मेसेजचा विषय काढण्यासाठी आधी उरकून टाकायचं म्हणून नव्हे. ते एकटं, वेगळं सांगायचं. साधारण असं: 'निनाद, तू झोपल्यावर मी बरेचदा तुझा फोन वाचलाय. ते चुकीचं होतं. मी थांबवतेय. मला कशाची भीती वाटते, ते मला तुला सांगायचंय, पण आधी हे तुला माहीत असायला हवं.' एवढं बोलून गप्प बस. तो चिडेल. चिडण्याचा त्याला हक्क आहे. 'तूही खोटं बोललास ना' हे वाक्य तुझ्या जिभेवर येईल. ते त्या दिवशी गिळ. त्याचा हिशेब बाकी आहेच, पण त्याच बैठकीत काढलास तर दोघंही आपापलं माप झाकायला लागाल.

हे मी का सांगतेय? कारण आत्ता तू जिथे अडकलीस तिथून बाहेर पडायला दुसरी वाट नाही. प्रश्न मनात आहे, विचारता येत नाही. विचारता येत नाही म्हणून तू आडून विचारतेस, टोमणे मारतेस, ईशाचं नाव निघालं की तोंड फिरवतेस. त्याला कारण कळत नाही, त्यामुळे तो 'ही अशीच आहे' असं ठरवून मोकळा होतो. तुझ्याजवळचं गुपित त्याच्या गुपितापेक्षा लहान नाही. आधी तू तुझं खाली ठेव.

दोन-चार दिवसांनी, वातावरण निवळल्यावर, मग त्याच्या खोट्याबद्दल बोल आणि मेसेजबद्दलही विचार. सरळ: 'तू तिला असं लिहिलं होतंस. मी तिथेच होते. मला ते फार लागलं. तुझ्या मनात तेव्हा काय होतं?' आणि उत्तर ऐक. उत्तराइतकंच तो कसं उत्तर देतो ते बघ. थोडा वरमून, आठवून, तुला काय वाटलं असेल याचा विचार करून बोलतो, की 'परत सुरू झालं तुझं' म्हणून उठून जातो? रात्री बाथरूममध्ये बसून वाचलेल्या सगळ्या मेसेजांपेक्षा यातून तुला निनाद जास्त कळेल.

'तुझं माझ्यावर प्रेम आहे ना?' याबद्दल थोडं. या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही, तुझ्या लक्षात आलंय का? 'हो गं' पटकन आलं तर सवयीने म्हणाला. थांबून आलं तर विचार कशाला करावा लागला? दहाव्यांदा विचारलेल्याला दहाव्यांदा मिळालेलं 'हो' पहिल्याइतकं वजनदार राहत नाही, त्यामुळे अकराव्यांदा विचारावंसं वाटतं. त्यापेक्षा त्या क्षणी तुला नेमकं काय हवंय ते माग. 'आज दिवसभर आपण बोललोच नाही, फोन बाजूला ठेवून अर्धा तास बसतोस का माझ्याजवळ?' याला तो हो म्हणाला तर तुला अर्धा तास तरी मिळेल. नाही म्हणाला तरी कशाला नाही म्हणाला ते स्पष्ट असेल.

ही ओढ फक्त तुझीच आहे असं समजू नकोस. लहान मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाबद्दल जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी जे काम केलं, ते सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये प्रौढांच्या प्रेमाला लावून पाहिलं. अमेरिकेतल्या एका दैनिकात त्यांनी प्रश्नावली छापली आणि तीन वर्णनांपैकी आपलं कुठलं, ते वाचकांना विचारलं. निम्म्याहून थोडे जास्त लोक जवळिकीत निवांत असलेले निघाले. साधारण पाव लोकांना फार जवळ आलेलं माणूस नकोसं होत होतं. आणि १९ टक्के, म्हणजे पाचातला जवळजवळ एक, तुझ्यासारखे: जोडीदाराचं आपल्यावर खरंच प्रेम आहे का, तो राहील ना, ही धास्ती कायम. निनादला मी भेटलेले नाही, पण 'हो गं' म्हणून विषय मिटवणारा आणि भांडण टाळायला खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या गटाकडे झुकणारा असू शकतो. तसं असेल तर तू जितकी जवळ ओढशील तितका तो मागे सरकेल, आणि तो मागे सरकला की तुला पक्कं वाटेल की काहीतरी आहे. हे कपाळावर लिहिलेलं नसतं, बदलतं. पण आपण असे आहोत हे दोघांनाही माहीत असावं लागतं.

फोनचं काय करायचं? एका रात्रीत सुटेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. हात शिवशिवायला लागतील तेव्हा ती ऊर्मी चढेल, असह्य होईल, आणि तू काहीच केलं नाहीस तर थोड्या वेळाने उतरेल. उतरते हे कळायलाच तिला एकदा शेवटपर्यंत सोसावं लागतं. आजवर तू दर वेळी मध्येच फोन उघडून तिला आटोपतं घेतलंस. अंथरुणातून उठू नकोस. फारच झालं तर उठून दिवा लाव आणि मनात जे चाललंय ते कागदावर लिही, त्याला पाठवायचं नाही या अटीवर. एखाद्या रात्री घसरशील. घसरलीस तर सकाळी त्याला सांग आणि पुढे चल.

ईशाशी मैत्री तोडायला सांगू नकोस. त्याने ऐकलं तर तुझ्या धाकाने ऐकेल, आणि मग तो लपून भेटतोय का याचा शोध सुरू होईल. पासवर्ड मागू नकोस, तो कुठे आहे हे सतत दाखवणारं ॲपही नको. मागायचं ते एवढंच: 'तिला भेटणार असशील तर मला आधी सांग, आणि मी कशी वागेन या भीतीने खोटं बोलू नकोस.' त्याच्या बदल्यात तुझ्याकडून: त्याने सांगितलं की 'बरं' म्हणायचं आणि तो परत आल्यावर चौकशी लावायची नाही. सुरुवातीला हे 'बरं' दात ओठ खाऊनच निघेल. चालेल.

हे करूनही तो पुन्हा खोटं बोलला, तुझ्या प्रत्येक प्रश्नावर 'तुला डॉक्टरची गरज आहे' असं म्हणायला लागला, तर मग अडचण तुझ्या भीतीची नाही. तेव्हा नात्याचाच विचार करायचा, त्यासाठी फोन उघडायची गरज नाही. उलट तो सगळं मोकळेपणाने सांगत असूनही तुझी झोप उडालेली राहिली, कामात लक्ष लागेना, दिवसाचे तासन् तास यातच जायला लागले, तर समुपदेशकाकडे जा. जुन्या फसवणुकीची जखम नव्या माणसाच्या वागण्याने आपोआप भरून येईलच असं नाही. संशय आणि वारंवार तपासण्याच्या सवयीवर वर्तन-उपचाराच्या चांगल्या पद्धती आहेत. वर फोनच्या ऊर्मीबद्दल सांगितलं ती कल्पना तिथूनच आलेली आहे. एकटीने जमत नसेल तर कुणाच्या मदतीने करावं.

लग्नाच्या तारखेबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते: ही गाठ सुटण्याआधी तारीख पक्की करू नका. लग्न झालं की मन थाऱ्यावर येईल असं तुला आतून वाटत असेल. तपासणारं मन लग्नानंतरही तपासतं, फक्त गमावण्यासारखं आणखी वाढलेलं असतं.

राहिलं ईशाचं बोलावणं. तोवर तू निनादला फोनबद्दल सांगितलं असशील तर जा. सांगायचं राहिलं असेल तर या वेळी नको. पोटात एवढं ठेवून गेलीस तर रात्रभर दोघांच्या नजरा मोजत बसशील. गेलीस तर मात्र निनादची मैत्रीण म्हणून जाऊ नकोस, तिची पाहुणी म्हणून जा. थोडा वेळ तिच्याशी एकटीने बोल. तिचं काम काय, तिला कशात रस आहे, विचार. आजवर तू तिला फक्त निनादच्या फोनमधून ओळखतेस. ती तुला आवडेलच असं काही नाही, आवडलीच पाहिजे असंही नाही.